सायबर सिक्युरिटीत काम करणाऱ्या मुली: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात एका सॉकमध्ये काम करते, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, जिथं चोवीस तास अलर्ट येत असतात आणि कुणीतरी ते बघायला बसलेलंच लागतं. कॉलेजातल्या मुली, नव्यानं लागलेल्या ज्युनियर, त्यांचे आईबाबा आणि हल्ली टीम लीड, एचआरवालेसुद्धा तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढलीयेत. शिफ्टचे नियम महाराष्ट्रातले आहेत, पॉश (कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) आणि मॅटर्निटीचं देशभर लागू आहे.

या फील्डमध्ये मुली खरंच इतक्या कमी आहेत का?

हो, कमी आहेत. सीआयएसएसपी हे सिक्युरिटीतलं सर्टिफिकेट देणारी आयएससी-टू ही संस्था जगभरचा सर्व्हे करते, २०१७ साली त्यांचा आकडा होता ११ टक्के, आणि २०१९ च्या रिपोर्टमध्ये तो एकदम २४ टक्के झाला. लोकांना वाटलं दोन वर्षांत दुप्पट झाल्या! पण झालं असं की मोजायची पद्धत बदलली. नव्या मोजणीत आयटीतले जे लोक आपला निदान पाव वेळ सिक्युरिटीच्या कामात घालवतात त्यांनाही धरलं. म्हणजे पॅचिंग बघणाऱ्या, अ‍ॅक्सेस रिव्ह्यू करणाऱ्या, फायरवॉलचे रूल लिहिणाऱ्या कितीतरी बायका हे काम आधीपासून करतच होत्या, फक्त सिक्युरिटीचं पद त्यांच्याकडे नव्हतं आणि म्हणून सिक्युरिटीचा पगारही नव्हता. मला हा भाग टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तुमच्या कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन किंवा नेटवर्क टीममध्ये अशी कुणी असेल तर तिला आधी विचारा, बाहेरून माणूस शोधायच्या आधी.

मग मुली येतच नाहीत का या फील्डमध्ये?

येतात की. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या वर्गात जाऊन बघा, मुली भरपूर असतात, आमच्याकडे फ्रेशर्सची बॅच येते तेव्हाही असतात. अडचण पुढे आहे. एल-वन म्हणजे अलर्ट बघणारी पहिली फळी, तिथून एल-टू म्हणजे खोलात तपास करणारी फळी, तिथं जाईपर्यंत अर्ध्या दिसेनाशा होतात, आणि टीम लीडच्या खुर्चीपर्यंत तर एखादीच पोचते. कंपन्या दर मार्चमध्ये महिला दिनाला किती मुली घेतल्या ते सांगतात, किती गेल्या आणि का गेल्या ते कुणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलींना आत आणण्याइतकाच, किंबहुना जास्त, जोर त्या टिकाव्यात यावर लावा, आणि ते भाषणांनी होत नाही, रोस्टर, कॅब, हँडओव्हर आणि मोठा इन्सिडेंट, म्हणजे सायबर हल्ल्याची मोठी घटना, कुणाच्या हातात देता यावर ठरतं. खालची बरीचशी उत्तरं त्यावरच आहेत.

हे मुळात पुरुषांचंच काम होतं ना, मुली आत्ता आत्ता येतायत?

नाही हो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे कोड फोडायचं काम चालायचं तिथं सुमारे तीन चतुर्थांश माणसं बायका होत्या. जोन क्लार्क नावाची गणितज्ञ तिथं जर्मनांच्या एनिग्मा या कोड बनवणाऱ्या यंत्रावर काम करत होती, आणि तिला बढती द्यायची वेळ आली तेव्हा तिला भाषातज्ञ या पदावर दाखवलं, दुसरी एकही भाषा येत नसताना, कारण बाईला क्रिप्टअ‍ॅनलिस्ट म्हणून, म्हणजे कोड फोडणारी म्हणून, वरची श्रेणी द्यायची सोयच नियमात नव्हती. अमेरिकेत एलिझबेथ फ्रीडमननं १९२० च्या दशकापासून दारू स्मगल करणाऱ्यांचे आणि नंतर दक्षिण अमेरिकेतल्या नाझी हेरांचे संदेश फोडले, त्याचं श्रेय बरीच वर्षं एफबीआयकडे राहिलं. आपण आज जी क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गुप्त ठेवायची विद्या, वापरतो तिच्या पायाभूत कामासाठी शफी गोल्डवॉसरना २०१२ चं ट्युरिंग अवॉर्ड, कॉम्प्युटर सायन्समधलं मोठं बक्षीस, मिळालं, सिल्व्हियो मिकालींबरोबर. तेव्हा बायका होत्याच, पदं आणि श्रेय नव्हतं.

नाईट शिफ्टबद्दल कायदा काय म्हणतो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त अर्धवट माहिती असलेला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार बाईला सकाळी ७ ते रात्री ९.३० या वेळेत काम देता येतं. त्याबाहेर काम द्यायचं तर तिची संमती लागते, आणि कंपनीनं तिच्या सुरक्षिततेची, लैंगिक छळापासून संरक्षणाची आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत वाहनाची व्यवस्था करावी लागते. केंद्राचे नवे लेबर कोड नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाले, त्यातही रात्रीच्या कामाला संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागतेच.

आता जरा आपलं रोस्टर काढून समोर ठेवा. बहुतेक सॉकमध्ये शिफ्ट असतात सकाळी ६ ते २, दुपारी २ ते १०, रात्री १० ते ६. एचआरच्या डोक्यात नाईट म्हणजे फक्त तिसरी. पण ६ ची शिफ्ट ७ च्या आधी सुरू होते आणि २ ते १० ची शिफ्ट साडेनऊनंतर सुटते! म्हणजे तिन्ही शिफ्ट त्या वेळेला शिवतात. तरीही कितीतरी ठिकाणी फक्त नाईटवाल्यांना कॅब मिळते, आणि रात्री १० ला सुटलेली मुलगी हिंजवडी फेज थ्रीच्या गेटबाहेर रिक्षा शोधत उभी असते, नाहीतर पहाटे पावणेपाचला वाकडच्या गल्लीतून एकटी मेन रोडपर्यंत चालत येते. हे तुमच्याकडे होत असेल तर मेल लिहून विचारा, कायद्यातल्या वेळा मेलमध्ये टाका, वाद घालायची गरज पडत नाही.

संमती म्हणजे ऑफर लेटरवरची सही का?

ऑफर लेटरमध्ये 'रोटेशनल शिफ्टमध्ये काम करावं लागेल' अशी ओळ असते आणि त्यावर सही घेतली की झालं असं समजतात. माझ्या मते संमती वेगळी घ्यायला हवी आणि ती बदलता यायला हवी. प्रेग्नन्सी आली, घरी आजारी माणूस आलं, घर लांब गेलं, तर परत विचारलं पाहिजे. चांगला मॅनेजर दर क्वार्टरला रोस्टर बनवायच्या आधी सगळ्यांना विचारतो, मुलांनाही, कारण पहाटे तीनला जागं राहणं कुणाच्याच तब्येतीला सोपं नसतं.

कॅब आहे, पण भीती वाटते. काय बघायचं?

भीती वाटणं चुकीचं नाही. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी मुलीला कॅबच्या ड्रायव्हरनं आणि त्याच्या साथीदारानं गहुंजेजवळ नेऊन मारलं, कॅब कंपनीनं ठेवलेली होती. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या प्रत्येक घरात ती केस माहितीये. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी नियम घट्ट केले: रात्रीच्या वेळी मुलगी पहिली पिकअप आणि शेवटची ड्रॉप नसेल, असेल तर गार्ड बरोबर असेल, गाडीचं जीपीएस ट्रान्सपोर्ट डेस्कवर दिसेल, आणि घरी पोचल्यावर पोचले असा कॉल किंवा अ‍ॅपवर कन्फर्मेशन होईल. हे कागदावर असतं, बघायचं ते हे की रात्री अडीच वाजता ट्रान्सपोर्ट डेस्कचा फोन खरंच कुणी उचलतं का. जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा कॉल करून बघा. आणि रूटमध्ये शेवटच्या क्षणी बदल झाला, गार्ड आला नाही, तर त्या कॅबमध्ये बसायला नाही म्हणा आणि लगेच लीडला मेसेज टाका, लीडचं कामच आहे ते सोडवणं.

मुलींना सरसकट डे शिफ्ट दिली तर प्रश्नच मिटला ना?

चांगल्या मनानं करतात लोक हे, पण यात मुलींचंच नुकसान होतं. आमच्या कामात बरेचसे मोठे अटॅक रात्री, वीकएंडला, दिवाळीच्या सुट्टीत होतात, कारण अटॅक करणाऱ्यालाही माहिती असतं की तेव्हा माणसं कमी असतात. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर, फायली एन्क्रिप्ट करायला लागलंय आणि तुम्ही सर्व्हर नेटवर्कमधून तोडताय, हा अनुभव रात्रीच्या माणसाला मिळतो. मग दोन वर्षांनी प्रमोशनच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, तिनं क्रिटिकल इन्सिडेंट हँडलच केला नाहीये. अरे, तिला दिला कधी?

आणि टीममधल्या मुलांच्या वाट्याला जास्त नाईट आल्या की त्यांची चिडचिड मुलींवर निघते, त्यात मुलांचीही चूक म्हणवत नाही. मार्ग हा की नाईट सगळ्यांना सारख्या, ज्यांना खरंच जमत नाही त्यांना बाई असो वा पुरुष सूट, नाईट अलाउन्स नीट द्या, आणि दिवसा झालेल्या मोठ्या इन्सिडेंटचं लीड ठरवून वेगवेगळ्या लोकांना द्या. मी रोस्टर बनवते तेव्हा बाजूला एक साधी एक्सेल ठेवते, गेल्या सहा महिन्यांत कुठला मोठा इन्सिडेंट कुणी लीड केला त्याची. तीच दोन नावं परत परत आली की पुढचा तिसऱ्याला जातो.

जीआरसी मुलींसाठी चांगलं आणि पेनटेस्टिंग मुलांसाठी, असं सगळे म्हणतात. खरंय का?

जीआरसी म्हणजे गव्हर्नन्स, रिस्क, कम्प्लायन्स, पॉलिसी लिहिणं, ऑडिट सांभाळणं, आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाची कागदपत्रं. पेनटेस्टिंग म्हणजे परवानगी घेऊन सिस्टिमवर हल्ला करून तिच्यातल्या कमजोऱ्या शोधणं. जीआरसी आवडत असेल तर उत्तम काम आहे, आरबीआयनं बँकांवर जेवढे नियम घातलेत तेवढी या लोकांना मागणी आहे. प्रश्न तो नाही. प्रश्न हा आहे की मुलीला न विचारता तिकडे टाकतात, 'तुझं इंग्लिश चांगलं आहे, डॉक्युमेंटेशन छान करतेस, डे शिफ्ट आहे, घरचं पण बघता येईल'. एकदा तीन वर्षं ऑडिट केलं की टेक्निकल बाजूला परत यायला फार कष्ट पडतात. तुम्हाला व्हीएपीटी, म्हणजे कमजोऱ्या शोधणं आणि पेनटेस्टिंग, करायचं असेल तर सुरुवातीलाच मेलवर लिहून ठेवा, अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहा, आणि घरी लॅब लावून सराव चालू ठेवा, बर्प स्वीट कम्युनिटी एडिशन (वेबसाइट तपासायचं सॉफ्टवेअर) आणि दोन व्हर्च्युअल मशीनवर सुरुवात होते.

रेड टीममध्ये आहे, पण मला फक्त विशिंगचे कॉल करायला देतात. काय करू?

हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय! रेड टीम म्हणजे क्लायंटच्या परवानगीनं त्याच्यावरच हल्ला करून बघणारी टीम, आणि विशिंग म्हणजे फोनवरून फसवून माहिती काढणं. क्लायंटच्या हेल्पडेस्कला फोन करून पासवर्ड रीसेट करून घ्यायचा, त्याला बाईचा आवाज लागतो म्हणून मुलीला बसवतात, आणि मग नेटवर्कमध्ये आत शिरायचं काम मुलं करतात. विशिंग हे खरं कौशल्य आहे, त्याला अभ्यास लागतो, टार्गेटची माहिती काढावी लागते, अमेरिकेत रेचल टोबॅकनं यातच नाव आणि कंपनी उभी केली. पण ते तुमच्या हुशारीसाठी दिलं पाहिजे, आवाजासाठी नाही. लीडला थेट सांगा की या एंगेजमेंटमध्ये कॉलनंतर मिळालेला अ‍ॅक्सेस घेऊन पुढचं इंटर्नल, म्हणजे नेटवर्कच्या आतलं कामही मीच करणार, आणि रिपोर्टवर माझं नाव त्या भागासाठी यायला हवं. रिपोर्टवरच्या नावाचा आग्रह धराच, पुढच्या इंटरव्ह्यूत तेच कामाला येतं.

इन्सिडेंटच्या कॉलवर माझं कुणी ऐकत नाही.

यावर जरा सविस्तर लिहिते कारण इथं खूप मुलींचा आत्मविश्वास जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर इन्सिडेंट लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो. त्यामुळे काही मोठं झालं की ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्यांना जोडणारा कॉल, लागतो, त्यावर नेटवर्कवाले, सर्व्हरवाले, क्लायंट, व्हीपी, लीगल अशी तीस तीस माणसं येतात, सगळे घाबरलेले, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये आपोआप होणाऱ्या नोंदी, बघत बसलेली ज्युनियर सांगते की हा युजर एकाच वेळी पुण्यातून आणि बाहेरच्या देशातून लॉगिन झालाय, कुणी लक्ष देत नाही, पंधरा मिनिटांनी तेच वाक्य दुसरा कुणी बोलतो आणि सगळे म्हणतात ग्रेट कॅच.

उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. कॉल चालवणाऱ्यानं, म्हणजे इन्सिडेंट कमांडरनं, सुरुवातीलाच सांगायचं की आधी अ‍ॅनलिस्ट बोलणार, दर पंधरा मिनिटांनी अ‍ॅनलिस्टकडून अपडेट घेणार, मध्ये कुणी बोलणार नाही. जे सापडलं ते लगेच इन्सिडेंटच्या चॅटमध्ये वेळेसकट टाकायचं, 'रात्री २.१४, अमुक युजर, अमुक आयपी, सेशन रिव्होक करायची शिफारस'. लेखी असलं की ते कुणाचं होतं हे नंतरच्या रिव्ह्यूमध्ये पुसता येत नाही. आणि मिनिट्स कोण लिहिणार? बघा तुमच्या टीममध्ये, दरवेळी मुलगीच लिहीत असते. जी लिहीत बसते तिला बोलायला सवडच मिळत नाही. ते काम आळीपाळीनं द्या.

सर्टिफिकेशन करायचंय, पण लहान मूल आहे. ओएससीपी जमेल का?

ओएससीपी हे पेनटेस्टिंगचं सर्टिफिकेट, त्याची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची असते, कॅमेऱ्यासमोर, आणि त्यानंतर रिपोर्ट द्यायला आणखी २४ तास. मध्ये ब्रेक घेता येतात, त्यामुळे अशक्य नाही, पण दोन दिवस मूल दुसऱ्या कुणीतरी पूर्ण सांभाळलं पाहिजे, नुसतं 'मी आहे ना' म्हणून नाही. माझ्या ओळखीच्या एकीनं परीक्षेच्या आदल्या रात्रीच मुलाला सासूबाईंबरोबर नणंदेकडे चिंचवडला पाठवलं, दाराला चिठ्ठी लावली आणि शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं की कुरियर घ्या, बेल वाजवू देऊ नका. खरा त्रास परीक्षेचा नाही, आधीच्या काही महिन्यांच्या सरावाचा आहे, रोजचे दोन तास कुठून आणायचे. इथं कंपनीनं मदत केली पाहिजे: फी भरतात तसे अभ्यासाचे तासही ऑफिसच्या वेळेत द्या, आठवड्यातून एक दुपार. फक्त फी दिली तर ज्याच्याकडे घरी मोकळी संध्याकाळ आहे तोच सर्टिफाइड होतो, आणि बहुतेक घरांत ती संध्याकाळ कुणाकडे असते ते आपल्याला माहितीये.

सीआयएसएसपीला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्रेक घेतला असेल तर त्याआधीची वर्षं जोडून धरता येतात, सलग असायची गरज नाही, हे बऱ्याच जणींना माहिती नसतं आणि त्या फॉर्मच भरत नाहीत.

मॅटर्निटी लीव्हनंतर परत येताना काय होतं?

सुट्टीचं आधी. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की मिळते. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर घरून काम आपापसांत ठरवता येतं.

आता कामाचं. सहा महिन्यांत आमच्याकडे खूप काही बदलतं. रजेवर गेलं की अकाउंट डिसेबल होतं, जे बरोबरच आहे, पण परत आल्यावर ती मुलगी चार चार दिवस अ‍ॅक्सेसची तिकिटं टाकत बसते, व्हीपीएन चालत नाही, सीममध्ये, म्हणजे सगळे लॉग आणि अलर्ट जिथं येतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, रोल नाही, तिनं बनवलेले रूल कुणीतरी बदललेले, अर्धे क्लायंट नवे. पाचव्या दिवशी अ‍ॅक्सेस मिळतो आणि सहाव्या दिवशी क्यूमध्ये अलर्ट पडायला लागतात, मग एखादा चुकतो आणि लोक म्हणतात हिचं आता लक्ष नाही. लक्ष आहे हो, माहिती नाहीये. परत यायच्या आठवडाभर आधी अ‍ॅक्सेसची तिकिटं मॅनेजरनं टाकून ठेवावीत, पहिले दोन आठवडे तिला क्यूपासून लांब ठेवून मधल्या काळातले मोठे इन्सिडेंट रिव्ह्यू वाचायला द्यावेत, तिसऱ्या आठवड्यात एखाद्या एल-टूबरोबर बसवावं. नव्या जॉइनरला आपण एवढा वेळ देतोच की, हिला तर अर्धं आधीच येत असतं. आणि रजेच्या वर्षाचं रेटिंग आपोआप खाली टाकू नका, जेवढे महिने काम केलं त्यावर द्या.

इंटरव्ह्यूमध्ये लग्न कधी करणार विचारलं तर?

शांतपणे म्हणायचं, 'शिफ्टची काय अपेक्षा आहे ते सांगा, मला जमेल की नाही ते मी सांगते.' त्यांना जे कळायला हवं त्याचंच उत्तर मिळतं. तरी तेच विचारत राहिले तर ती जागा कशी आहे ते तुम्हाला फुकटात कळलं. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनो, प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न आणि तोच लॉग द्या, फिशिंग मेलचा हेडर द्या, सांगा वाचून दाखव.

पॉश कमिटीकडे तक्रार करायची असेल तर? आणि आमच्याच टीमच्या लोकांना मेल वाचता येतात, त्याचं काय?

२०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त लोक असलेल्या प्रत्येक ठिकाणी इंटर्नल कमिटी लागते, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, आणि एक बाहेरचा सदस्य. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यायची, कारण असेल तर कमिटी आणखी ३ महिने वाढवू शकते, चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. कॉन्ट्रॅक्टवरची मुलगी, इंटर्न, ट्रेनी सगळ्या यात येतात, आणि कंपनीची कॅबही कामाची जागाच धरली जाते. चौकशी चालू असताना तुम्ही लेखी मागणी केली तर बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. कंपनी १० पेक्षा लहान असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या लोकल कमिटीकडे जायचं.

दुसरा प्रश्न आमच्या फील्डचाच आहे आणि तो विचारायलाही मुली घाबरतात. सिक्युरिटी टीममधल्या काही जणांना तपासासाठी मेलबॉक्स, डीएलपीचे (कंपनीचा डेटा बाहेर जाऊ नये म्हणून लावलेल्या सॉफ्टवेअरचे) लॉग, प्रॉक्सीचे (कोण कुठल्या वेबसाइटवर गेलं त्याचे) लॉग बघता येतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच जर त्यातला एक असेल तर? कायद्यात तक्रारीची गुप्तता बंधनकारक आहे, म्हणून कमिटीनं आपला मेलबॉक्स वेगळा ठेवून त्यावरचा अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस दोन माणसांपुरता मर्यादित करावा आणि कुणी तो उघडला तर ऑडिट लॉगमधून अलर्ट कमिटीच्या अध्यक्षांना जावा. हे तांत्रिकदृष्ट्या अर्ध्या दिवसाचं काम आहे. तोवर तक्रार छापून, सही करून अध्यक्षांच्या हातात द्या आणि पोच घ्या.

आणखी एक, पुरावा गोळा करताना स्वतःच्याच चॅटचे आणि मेलचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट घ्या, मूळ मेसेज डिलीट करू नका. तुमच्याकडे अ‍ॅडमिनचा अ‍ॅक्सेस असला तरी त्याच्या मेलबॉक्समध्ये शिरू नका, कितीही राग आला तरी. केस तिथेच फिरते आणि चौकशी तुमचीच सुरू होते. लॉग जपून ठेवा अशी लेखी मागणी कमिटीकडे करा, कारण लॉगची मुदत संपली की ते गेले.

मुली टीममध्ये असल्यानं सिक्युरिटीच्या कामात खरंच फरक पडतो का, की फक्त दाखवायला?

पडतो, आणि तो धोके ओळखण्यात दिसतो. थ्रेट मॉडेल, म्हणजे धोका कुणाकडून आणि कसा येईल याचा आराखडा, बनवताना आपण बाहेरचा हॅकर धरतो, पण बाईसाठी धोका बरेचदा घरातला असतो, ज्याला तिच्या फोनचा पिन माहितीये. फोनमध्ये लपून बसणाऱ्या हेरगिरीच्या अ‍ॅप्सना बरीच वर्षं अँटीव्हायरसवाले किरकोळ समजायचे, ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या इव्हा गॅल्परिननी हा विषय लावून धरला आणि २०१९ मध्ये त्याविरुद्ध कंपन्या-संस्थांची एक आघाडी उभी राहिली. अ‍ॅपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, किल्ल्या शोधायला बनवलेला, आणि थोड्याच दिवसांत बायकांच्या पर्समध्ये, गाडीत लपवून माग काढायला वापरला जायला लागला, मग अ‍ॅपलला त्यातले इशारे सुधारावे लागले. आपल्याकडचं बघा, जानेवारी २०२२ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर बुल्ली बाई नावाचं अ‍ॅप टाकून मुस्लिम बायकांचे फोटो लिलावाला लावले होते, मुंबई पोलिसांच्या सायबर सेलनं त्यात अटका केल्या. प्रॉडक्टच्या रिव्ह्यूमध्ये 'याचा वापर एखाद्या बाईचा माग काढायला कसा होईल' हे विचारणारं माणूस पहिल्या दिवशी लागतं. ते मुलगेही विचारू शकतात, पण ज्यांनी हा त्रास जवळून बघितलाय त्यांना तो लवकर सुचतो.

ओळखी नाहीत, सुरुवात कुठून करू?

नल नावाची ओपन सिक्युरिटी कम्युनिटी आहे, पुण्यात आणि मुंबईत तिचे चॅप्टर आहेत, मीटअपना जा, पहिल्यांदा मैत्रिणीला घेऊन जा. त्यांचीच नलकॉन ही कॉन्फरन्स २०१० साली गोव्यात सुरू झाली, तिथं विंजा नावाची सीटीएफ, म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवायची, स्पर्धा मुलींनी मुलींसाठी सुरू केली. वंदना वर्मांनी सुरू केलेला इन्फोसेकगर्ल्स ग्रुप आहे, त्या स्वतः ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेसाठी काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या ग्लोबल बोर्डवर होत्या. इंजिनिअरिंग झालेल्या मुलींसाठी डीएससीआय (डेटा सिक्युरिटी काउन्सिल ऑफ इंडिया) आणि मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये सायबरशिक्षा हा ट्रेनिंग प्रोग्रॅम सुरू केला, त्याच्या नव्या बॅचकडे लक्ष ठेवा.

मी लातूर-सांगलीकडची, मराठी मीडियमची. इंग्लिशमुळे अडतं का?

रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहावा लागतो, ते खरंय. पण रिपोर्टची भाषा ठरलेली असते, काय सापडलं, कुठे, धोका किती, उपाय काय. चार चांगले रिपोर्ट घेऊन त्यांच्यासारखे लिहून काढा, महिन्याभरात हात बसतो. क्लायंट कॉलवर सुरुवातीला लिहून ठेवलेलं वाचून बोललं तरी चालतं. लॉग वाचायला मात्र कुठल्याच मीडियमची अट नाही, आणि आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या अ‍ॅनलिस्टपैकी दोघी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या आहेत.

आईबाबा म्हणतात हॅकिंगबिकिंग मुलींचं काम नाही. कसं समजावू?

त्यांना हॅकिंग शब्दाची भीती असते आणि रात्रीच्या प्रवासाची. पहिलीसाठी त्यांना बँकेचं उदाहरण द्या, तुमच्या खात्यातून कुणी पैसे काढू नयेत म्हणून जे लोक बसलेले असतात त्यातली मी एक होणार. बाबांना एकदा फ्रॉडचा फोन आलेला असतोच, लगेच पटतं. दुसरीसाठी नुसतं 'काळजी करू नका' म्हणू नका, कॅबचा नियम, ट्रान्सपोर्ट डेस्कचा नंबर, लीडचं नाव त्यांना लिहून द्या. आमच्याकडे एका लीडनं नव्या मुलींच्या पालकांना एका शनिवारी बोलावून ऑफिस दाखवलं होतं, त्यानंतर पालकांचे फोन बंद झाले.

आमची टीम सहा जणांची आहे, चोवीस तास चालवायचंय. एवढं सगळं कसं जमवायचं?

सहा माणसांत तिन्ही शिफ्ट आणि सुट्ट्या बसवल्या की कुणी आजारी पडलं तरी सगळं कोलमडतं, आणि मग ज्या व्यक्तीवर घरची जबाबदारी जास्त ती आधी सोडून जाते. अशा वेळी रात्रीचं पहिल्या फळीचं मॉनिटरिंग बाहेरच्या एमएसएसपीला, म्हणजे दुसऱ्यांची सिक्युरिटी सांभाळणाऱ्या कंपनीला, द्या, आपल्या लोकांना आठवड्याचं ऑन-कॉल ठेवा, आणि ऑन-कॉलवाल्याला घरूनच सेशन तोडता येईल, होस्ट आयसोलेट करता येईल, म्हणजे मशीन नेटवर्कपासून तोडता येईल, एवढा अ‍ॅक्सेस आणि अधिकार द्या, म्हणजे पहाटे ऑफिसला यायची वेळ येणार नाही. रात्री दोन तासांच्या वर काम झालं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा रोस्टरमध्येच लिहून टाका. एमएसएसपीबरोबर करार करताना त्यांच्या रात्रीच्या शिफ्टला मुली असतील तर कॅबची व्यवस्था काय आहे हेही विचारा, आणि उत्तर करारात घ्या.